मुरमाचा रस्ता म्हणजे फुटकं डांबर नव्हे

गेल्या आठवड्यात आमच्या सायकलवाल्यांच्या ग्रुपवर कुणीतरी अमेरिकेतल्या अनबाउंड ग्रॅव्हल, म्हणजे कच्च्या खडी-मुरमाच्या रस्त्यावरच्या, शर्यतीचा व्हिडिओ टाकला, कॅन्ससच्या गवताळ टेकड्यांमधून पांढुरक्या धुळीत शेकडो सायकली चालल्यात, आणि तासाभरात नेहमीची दोन उत्तरं आली. एक, आपल्याकडे सगळेच रस्ते ग्रॅव्हल आहेत, त्यासाठी वेगळी सायकल आणि वेगळी शर्यत कशाला, सगळं मार्केटिंग आहे. दुसरं जरा लांब, की हे पूर्वी छान होतं, मित्रमंडळी जमायची, आता पैसा आला, प्रो म्हणजे व्यावसायिक रायडर आले, टीम आल्या आणि ग्रॅव्हलचा आत्मा गेला. मग तीन दिवस भांडण. दोन्हीकडची माणसं माझ्या ओळखीची आहेत, भरपूर सायकल चालवणारी आहेत, तरी मला वाटतं हा अख्खा वादच भलत्या जागी चाललाय. सायकल कितीची, बक्षीस किती, टायर केवढा यावर दोनशे मेसेज पडले आणि ज्या रस्त्यावर हे सगळं घडतं त्या रस्त्याबद्दल एकही नाही. माझं म्हणणं सरळ आहे. ग्रॅव्हल शर्यत चांगली की वाईट हे पैशावरून ठरवू नका आणि प्रो लोकांवरूनही ठरवू नका. ती ज्या कच्च्या रस्त्यावरून जाते तो रस्ता तिच्यामुळे टिकतो का, आणि तो ज्यांच्या रोजच्या वापराचा आहे त्यांच्या पदरात काही पडतं का, एवढं बघा.

आधी ते पहिलं वाक्य घेते, कारण ते इतक्यांदा ऐकलंय की लोकांना खरंच वाटायला लागलंय. आपल्याकडे बरेच रस्ते फुटके डांबरी आहेत, आणि फुटकं डांबर आणि मुरमाचा रस्ता यात जमीनअस्मानाचा फरक आहे. डांबर फुटलं की खड्ड्याला धारदार कड येते, ती थेट रिमवर बसते, सुटलेली खडी नेमकी वळणावर साचते, आणि मागून येणारा टेम्पो तोच खड्डा चुकवायला तुमच्या अंगावर येतो. म्हणजे रहदारी पक्क्या रस्त्याची, वेग पक्क्या रस्त्याचा, फक्त रस्ता मेलेला. मुरमाचा रस्ता मुळात तसा बांधलेला असतो. खाली दगडाचं सोलिंग, त्यावर खडी, वर मुरूम, पाणी मारून रोलर, मधे थोडा फुगीर, दोन्ही बाजूंना उतार आणि कडेला चर. पाणी अंगावर थांबलं नाही तर तो वर्षानुवर्षं चालतो, थांबलं तर एका पावसाळ्यात जातो. बारामतीकडे नीरा डाव्या कालव्याच्या कडेने मी हिवाळ्यात सायकल चालवते, ४० मिलिमीटरचा टायर, हवा ३५ पीएसआयच्या आसपास, आणि तिथे डोळ्यांइतकाच कानांनी रस्ता कळतो. घट्ट बसलेल्या मुरमावर टायर नुसता सरसरतो, सुटी खडी आली की करकरतो, आणि फुफाटा लागला की आवाज एकदम बंद होतो आणि पुढचं चाक आपल्या मनाने जायला लागतं. तिथे हँडल आवळून धरलंत की पडलातच, हात सैल सोडायचे, वजन मागे न्यायचं आणि पाय थांबवायचे नाहीत. चाकोरी हा शब्द आपण भाषणात केवढ्या सहज वापरतो, पण उसाच्या ट्रॅक्टरने पाडलेल्या खोल चाकोरीत चाक एकदा उतरलं की काठ कुठे खचलाय ते शोधेपर्यंत बाहेर येता येत नाही, तेव्हा त्या शब्दाचा अर्थ कळतो. हे सगळं कौशल्य आहे, आणि खड्डे चुकवत ऑफिस गाठणं म्हणजे हे नाही.

मार्केटिंगचं म्हणाल तर आहेच, ते कबूल करते. प्रत्येक रस्त्यासाठी वेगळी सायकल हवी असं विकणाऱ्याला वाटणारच, आणि नवीन माणूस त्या किमती बघून घाबरून मागे फिरतो हे माझ्या डोळ्यांसमोर झालेलं आहे. पण २००६ मध्ये कॅन्ससच्या एम्पोरिया गावातून ही अनबाउंडची शर्यत पहिल्यांदा निघाली तेव्हा ३४ जण होते आणि ते माउंटन बाईक, सायक्लोक्रॉसच्या, म्हणजे चिखलातल्या शर्यतीच्या, सायकली, जे हाताशी होतं ते घेऊन आले होते. सायकल नंतर आली, रस्ता आधी होता. आणि त्याच्याही खूप मागे जा ना. १९०३ ची पहिली टूर द फ्रान्स कुठल्या गुळगुळीत रस्त्यावर झाली? १९१० मध्ये तूर्मले आणि १९११ मध्ये गालिबिए घाट शर्यतीत घेतले तेव्हा त्या वाटा धड गाडीरस्ते सुद्धा नव्हते, माती, दगड आणि वितळलेल्या बर्फाचा चिखल. ज्याला आज आपण रोड रेसिंग म्हणतो ते सगळं जन्मलं धुळीत, डांबर त्याच्याखाली नंतर सरकवलं गेलं.

आणि हे डांबर आलं कुणामुळे, हा भाग तर मला सगळ्यात लागतो. इंग्लंडमध्ये १८८६ मध्ये सायकल संघटनांनी रस्तेसुधारणेसाठी वेगळी संस्था काढली. अमेरिकेत १८८० मध्ये स्थापन झालेल्या लीग ऑफ अमेरिकन व्हीलमेनने चांगल्या रस्त्यांसाठी जोराची चळवळ केली, १८९२ मध्ये त्यासाठी खास मासिक काढलं. तेव्हा मोटारी जवळपास नव्हत्याच. सायकलवाल्यांनी रस्ता मागितला, भांडून मिळवला, आणि पुढच्या तीसेक वर्षांत त्याच रस्त्यावर मोटारी इतक्या आल्या की सायकलवाला कडेच्या पट्टीवर गेला. आज मी भल्या पहाटे हायवे सोडून कालव्याचा रस्ता धरते त्याचं कारण फॅशन नाहीये, मागून ट्रक येत नाही हे कारण आहे. जगभर ग्रॅव्हल वाढलं त्यामागे हे मोठं कारण आहे असं माझं ठाम मत आहे. याला फॅड म्हणणाऱ्याने एकदा आपल्या शहराच्या बाहेरच्या चौपदरी रस्त्यावर आपल्या मुलीला सायकल घेऊन एकटीला पाठवायची तयारी आहे का ते स्वतःला विचारावं.

आता दुसरी बाजू, आत्मा हरवला म्हणणारी. ही जास्त मनापासून बोलते, त्यामुळे तिचं नीट ऐकून घ्यायला हवं. त्यांचं जे गेलंय ते खरंच गेलंय. अनबाउंडचे २०० मैल म्हणजे ३२० किलोमीटर, पंक्चर झालं तर आपणच काढायचं, पाणी आपणच वाहायचं, जिंकणारा आणि मध्यरात्री पोचणारा एकाच रेषेवरून एकाच वेळी सुटणार, आणि वाटेत कुणी अडकलेला दिसला तर थांबायचं. २०१८ मध्ये शर्यत एका मोठ्या कंपनीने घेतली, मग सगळीकडचे नावाजलेले प्रो आले, २०१९ मध्ये कॉलिन स्ट्रिकलँडने ते अंतर दहा तासांच्या आत मारलं. घोळका, डावपेच, सपोर्ट टीम सगळं आलं. जो माणूस १५ वर्षं तिथे जातोय त्याला हे बघून वाईट वाटलं तर मी त्याला वेड्यात काढणार नाही.

पण या आत्म्याच्या नावाखाली काय काय झाकलं जात होतं तेही बघायला नको का? नियम कमी ही गोष्ट ऐकायला फार छान वाटते, पण त्याचा फायदा कुणाला होतो? सगळे एकत्र सुटले की बायकांच्या शर्यतीचा निकाल कुठली बाई कुठल्या पुरुषांच्या घोळक्यात टिकली यावर ठरायचा. वाऱ्याच्या आडोशाला बसायला तगडा गट मिळाला ती पुढे, नाही मिळाला ती मागे, दोघींची एकमेकींशी गाठच नाही. आता एलिट म्हणजे अव्वल पुरुष, एलिट बायका आणि बाकीचे असे वेगवेगळ्या वेळी सोडतात, आणि २०२४ मध्ये काय झालं? ३२० किलोमीटरनंतर बायकांचा घोळका एकत्र आला आणि जर्मनीच्या रोझा क्लोझरने स्प्रिंट मारून जिंकलं. मला ती शर्यत बघताना अंगावर काटा आला, कारण त्या दिवशी त्या एकमेकींशी लढत होत्या. २०२३ मध्ये एलिट गटाला एरोबार, म्हणजे कोपर टेकवायला हँडलवर पुढे लावलेले दांडे, बंद केले तेव्हाही अशीच ओरड झाली की आता ग्रॅव्हलमध्ये पण नियमांची पुस्तकं. अहो, दाटीच्या घोळक्यात, सुट्या खडीवर, कोपर टेकवून ब्रेकपासून हात लांब ठेवून कुणी चालवत असेल तर पडणारा तो एकटा नसतो. माणसांनी एकमेकांची काळजी घ्यावी हाच जर आत्मा असेल तर हा नियम त्या आत्म्याचाच आहे.

पैशाबद्दल तर आपण फारच सोप्पं बोलतो. पैसा आला की खेळ बिघडला हे वाक्य ज्याच्याकडे पगार आहे त्याच्या तोंडी शोभतं. केनियात मसाई माराच्या भागात २०२१ मध्ये मायग्रेशन ग्रॅव्हल रेस सुरू झाली, चार दिवसांची. ती सुरू करण्यामागचा विचारच असा होता की पूर्व आफ्रिकेतले रायडर व्हिसा, तिकीट, शर्यतीचा अनुभव यांत अडकून बाहेर पोचू शकत नाहीत, तर बाहेरच्यांनाच इकडे बोलवू. पूर्व आफ्रिकेतल्या रायडरांच्या टीम अमानीचा कप्तान सुले कांगांगी हा त्या सगळ्याचा चेहरा होता. ऑगस्ट २०२२ मध्ये अमेरिकेत व्हरमाँटच्या ग्रॅव्हल शर्यतीत पडून तो गेला, ३३ वर्षांचा होता. त्या टीमची पोरं आजही शर्यती करतायत. त्यांना कुणी जाऊन सांगावं का की बक्षिसाची रक्कम आल्यामुळे खेळाचं पावित्र्य गेलं? कुस्तीच्या फडात इनाम लावतात म्हणून मातीतली कुस्ती विटाळली असं आपल्याकडे कोल्हापुरात कुणी म्हणेल का? तिथे शाहू महाराजांनी पदरचा पैसा घालून तालमी उभ्या केल्या म्हणून पैलवान घडले. पैसा कुणाच्या हातात जातो आणि मागे काय उभं राहतं, भांडायचं ते त्यावर.

मधेच एक तिसरा मुद्दा येतो, तो पटकन संपवते. म्हणे कच्च्या रस्त्यावर नशीब जिंकतं, ताकद नाही. २०२४ च्या टूर द फ्रान्समध्ये त्र्वा शहराजवळच्या टप्प्यात ३२ किलोमीटर कच्चा रस्ता, १४ तुकड्यांत, ठेवला तेव्हा हीच तक्रार झाली. पंक्चरने शर्यत जाते हे खरं आहे, आणि तीन आठवड्यांची मेहनत एका दगडावर जाणं क्रूर आहे हेही खरं. पण इटलीतली स्त्रादे बियांके बघा, पांढऱ्या मातीच्या रस्त्यांवरची. स्वित्झर्लंडचा कांचेलारा तीनदा जिंकला. स्लोव्हेनियाचा पोगाचार २०२२, २०२४ आणि २०२५ मध्ये जिंकला, त्यातल्या २०२५ मध्ये तर वाटेत जोरात आपटून, अंग सोललेलं असताना. नशीब इतक्या वेळा एकाच माणसाच्या घरी जातं का?

आता ज्यासाठी हे लिहायला बसले तिथे येते. ती स्त्रादे बियांके आली कुठून? १९९७ मध्ये तस्कनीतल्या गायोले इन कियांती गावातून जानकार्लो ब्रोची या माणसाने लेरोइका नावाची राईड काढली. ९२ जण आले होते, जुन्या स्टीलच्या सायकली घेऊन. आजही तिथे १९८७ च्या आधीची सायकल लागते. लोकांना त्यातली जुनी सायकल आणि लोकरीची जर्सी दिसते, पण ब्रोचीला वाचवायचे होते ते रस्ते. द्राक्षमळ्यांमधले, सायप्रसच्या रांगांमधले पांढरे कच्चे रस्ते एकेक करून डांबराखाली जात होते आणि एकदा गेलेला परत येत नाही. म्हणून त्याने त्यांच्यावरून माणसं फिरवली. दहा वर्षांनी, २००७ मध्ये, त्याच रस्त्यांवर व्यावसायिक शर्यत आली, २०१५ पासून बायकांची पण, आणि आज तिथे २०९ किलोमीटरचा पाट्या लावलेला कायमचा मार्ग आहे. कच्चा रस्ता ही त्या गावांची लाज होती, ती त्यांची मिळकत झाली. प्रो आले म्हणून हे घडलं, प्रो आले असूनही नव्हे.

फ्रान्समध्ये पारी-रुबे या दगडी रस्त्यांवरच्या शर्यतीचंही तेच. १९६० च्या दशकात तिकडचे दगडी रस्ते इतक्या झपाट्याने डांबरी होत होते की शर्यतीला दगडच उरेनात. तेव्हा जाँ स्ताब्लिंस्कीने आरेनबर्गच्या जंगलातली वाट दाखवली, १९६८ मध्ये ती पहिल्यांदा घेतली. हा स्ताब्लिंस्की त्याच जंगलाखालच्या खाणीत काम केलेला माणूस, नंतर विश्वविजेता. पुढे त्या दगडांसाठी एक संस्थाच निघाली, आज तिचे लोक आणि बागकाम शिकणारी पोरं हाताने एकेक दगड उपसून, खाली वाळू भरून, परत बसवतात. आणि कॅन्ससचे फ्लिंट हिल्स घ्या. उत्तर अमेरिकेतल्या उंच गवताच्या माळरानाचा ४ टक्क्यांहून कमी भाग उरलाय आणि त्यातला बराचसा याच टेकड्यांवर आहे. का उरला? कारण जमिनीत वीतभर खाली गारगोटीचा दगड लागतो, नांगर चालत नाही, म्हणून तिथे गुरं चरत राहिली. जो दगड टायर फाडतो त्यानेच ते गवत वाचवलं. या शर्यतीचं जुनं नाव बदलून अनबाउंड झालं तेही २०२० मध्ये, त्या जुन्या नावात कान्झा हा शब्द होता आणि तो तिथल्या मूळच्या कॉ लोकांचा आहे, ज्यांना १८७३ मध्ये त्या भूमीतून हलवलं. नाव बदलल्यावर सुद्धा पुष्कळांनी आत्मा गेला म्हणून गळा काढला. मला उलट वाटतं, रस्ता कुणाच्या जमिनीवरून जातो हा प्रश्न तिथे पहिल्यांदा नीट विचारला गेला.

यावर जो खरा आक्षेप आहे तो आमच्या ग्रुपवर कुणी घेतलाच नाही, तो माझ्या मावशीने घेतला, जी पुरंदर तालुक्यात राहते. ती म्हणाली, "तुम्ही शहरातनं यायचं, दोन तास धुळीत खेळायचं आणि जायचं, आम्हाला म्हणायचं डांबर नको. बाळंतीण न्यायची असती ना ह्याच रस्त्यानं." याला उत्तर नाही, आणि देऊ पण नये. गावाला दवाखान्याशी, शाळेशी, बाजाराशी जोडणारा रस्ता बारमाही आणि पक्काच पाहिजे. २००० साली पंतप्रधान ग्रामसडक योजना आली आणि कित्येक वाड्यावस्त्या पहिल्यांदा पावसाळ्यात जगाशी जोडलेल्या राहिल्या, त्यातला एकही किलोमीटर कुणा सायकलवाल्याच्या हौशीसाठी मागे घ्यावा असं म्हणणाऱ्याबरोबर मी उभी राहणार नाही.

पण मावशीच्याच गावात दुसरे रस्तेही आहेत ना. पाणंदी आहेत, कालव्याचा रस्ता आहे, मेंढरं जातात ती वाट आहे, डोंगराच्या कडेने दुसऱ्या गावाला जाणारी जुनी गाडीवाट आहे. त्यांना बाळंतीण न्यायची नसते, त्यांना शेणखत, ऊस, चारा आणि गुरं न्यायची असतात. त्यांना चांगला मुरूम आणि चांगला चर लागतो. तिथे दोन टोकं दिसतात. एकतर पाणंद कुणी बघतच नाही, दोन्हीकडून बांध सरकत सरकत ती बैलगाडीपुरती सुद्धा उरत नाही. नाहीतर निधी आला म्हणून थेट काँक्रीट, कडेचा चर बुजवून, आणि मग पावसाचं पाणी शेजारच्या रानात. मधला रस्ता, म्हणजे नीट बांधलेला आणि दरवर्षी हात फिरवलेला मुरमाचा रस्ता, याच्यासाठी कुणी बोलत नाही कारण त्याचं उद्घाटन करण्यासारखं काही नसतं. मुरूम पण फुकट येत नाही, कुठलीतरी टेकडी खणूनच येतो, हेही मला माहिती आहे, म्हणून तो वाहून जाऊ न देणं आणखी महत्त्वाचं.

इथे सायकलवाल्यांचा उपयोग होऊ शकतो असं मला वाटतं. आपल्याकडे ग्रॅव्हल राईड आणि शर्यती आता व्हायला लागल्यात, होऊ देत, बक्षीस लावा, टीम येऊ देत, नावाजलेले लोक येऊ देत. पण मार्ग आखायच्या आधी ज्या गावांच्या पाणंदीवरून जाणार त्यांच्याशी बसून बोला. तारीख उसाच्या तोडीत धरू नका. काळ्या रानातली वाट असेल तर पाऊस पडून गेल्यावर चाकं घालू नका, कारण ओल्या काळ्या मातीत तुमचं चाक तर जाम होतंच, पण सुकल्यावर जे घट्टे राहतात ते पुढे वर्षभर गाडीवानाने सोसायचे असतात. आणि एंट्री फीमधला एक ठरलेला हिस्सा मेडल आणि टीशर्टच्या आधी त्या रस्त्याला द्या.

आम्ही चौघींनी गेल्या वर्षी हे छोट्या प्रमाणावर करून बघितलं. मावशीच्या गावातली एक पाणंद, जिच्यावरून आम्ही वर्षातून पंधरा-वीस वेळा जातो, तिचा ओढ्याजवळचा दोनेकशे फुटांचा तुकडा पार खचला होता. मार्चमध्ये पैसे काढले, कडेच्या शेतकऱ्यांना विचारलं, रॉयल्टीची पावती असलेला दोन ब्रास मुरूम आणला, एकाने ट्रॅक्टर दिला, पाणी मारून दाबून घेतला. दिसायला सुरेख झाला. जूनच्या दुसऱ्या पावसात त्यातला अर्धा ओढ्यात गेला, कारण वरच्या अंगाचा चर मोकळा करायचं राहून गेलं होतं आणि सगळं पाणी रस्त्यावरून आलं. ज्याने ट्रॅक्टर दिला होता त्यानेच मग कुठून पाणी उतरतं, कुठे एक पाइप टाकून मोरी करावी लागेल, ते सगळं पायी फिरवून दाखवलं. यंदा चराचं काम आधी घेतलंय, साठेक फूट झालाय, दगड लागल्यामुळे पहार मोडली. पाऊस यायच्या आत ओढ्यापर्यंत पोचायचंय, मुरूम त्याच्यानंतर.